सकाळच्या गटातला पहिला

मोनाला छातीशी घेऊन मी स्वयंपाकघरात पाटावर बसले होते आणि फोन रव्याच्या डब्याला टेकवून ठेवला होता. तिचं दूध पिणं आणि तिच्या बापाचं पोहणं एकदमच सुरू झालं. दोघांची तऱ्हा एकच. आधी थोडी धांदल, मग एकदा लय सापडली की बाकी जगाशी देणंघेणं नाही. माझा एक हात तिच्या पाठीवर होता आणि डोळे पडद्यावरच्या सहाव्या रांगेवर. पांढऱ्या टोपीचा तो ठिपका म्हणजे माझा नवरा, हे मलाच मला सांगावं लागत होतं.

पंधराशे मीटर फ्रीस्टाईल म्हणजे मोठ्या तलावाच्या तीस फेऱ्या. पाव तास नुसतं जा आणि ये. बघणाऱ्याला कंटाळा येतो. मला धडकी भरते. कारण धैर्यशीलचा डावा खांदा. गेल्या वर्षी तो असा धरला की मोना झाली तेव्हा तिला त्या हातावर घेताना तो ओठ आवळून धरायचा. घरात हे फक्त मला माहीत होतं.

त्या खांद्यापायीच त्याची नोंदवलेली वेळ मागं पडली आणि आशियाई स्पर्धेत त्याच्या वाट्याला सकाळचा गट आला. मी स्वतः कॉलेजपर्यंत पोहले आहे, त्यामुळं मला यातलं कळतं. या शर्यतीला वेगळी फायनल नसते. ज्यांच्या वेळा जरा कमी, ते सकाळी पोहून मोकळे होतात. सगळ्यांत तगडे आठजण संध्याकाळी उतरतात. मग दोन्ही गटांच्या वेळा एकत्र लावायच्या आणि कोण कितवा ते ठरवायचं. सकाळच्या गटातला माणूस मेडल घेऊन गेला असं क्वचितच होतं. धैर्यशीललाही ते ठाऊक होतं. निघताना बॅग खांद्यावर टाकत, उजव्याच खांद्यावर, तो म्हणाला होता, "अनू, मेडलबिडल डोक्यातनं काढ. मला माझीच जुनी वेळ मोडायचीय. पाच वर्षं झाली, उरावर बसलीय ती माझ्या."

काठावरच्या पंचानं शेवटच्या दोन फेऱ्यांची घंटा हलवली तेव्हा तो सगळ्यांच्या पुढं होता. मला पुढं-मागंचं काही पडलं नव्हतं. मी कोपऱ्यातले आकडे बघत होते. त्यानं भिंतीला हात लावला, आकडे थांबले, आणि मी इतक्या जोरात "मोडली!" म्हणाले की मोना दूध सोडून रडायला लागली.

त्याच क्षणी गल्लीत फटाक्यांची माळ लागली.

मला वाटलं, आमच्या पेठेलाही कळलं. वाटलं, किती शहाणी आहेत ही माणसं, उगीच नावं ठेवते मी. डोळे पुसत, मोनाला खांद्यावर थोपटत खिडकीशी गेले. खाली पोरं एकमेकांच्या तोंडाला गुलाल फासत होती आणि ओरडत होती, "गोल्ड! गोल्ड!"

सम्राट जिना चढून वर आलाच. आमच्या तालमीच्या मंडळाचा हा अध्यक्ष. वय माझ्याएवढंच, पण मला वहिनी म्हणतो आणि मोनाला 'वाघीण'. कपाळ, कान, दात सगळं गुलाबी.

"वहिनी, फोटो द्या लवकर. फ्लेक्सवाला थांबलाय. उघडाबंब नको, चांगला शर्टातला द्या."

"सम्राट, थांब. ते गोल्ड नाहीये."

"म्हंजे? पयला आला की न्हाय?"

"आला. पण सकाळच्या गटात."

"म्हंजे फायनल हाय आजून?"

"नाही, फायनल नसते या शर्यतीला."

त्यानं माझ्याकडं अशी मान वाकडी करून बघितलं, की बाळंतपणानं हिच्या डोक्यावर परिणाम झालाय की काय. "मग झालं की! पयला आला, फायनल न्हाय. गोल्डच की! वहिनी, तुमी झोपा जरा. रात्रभर पोरगी जागवती तुमाला."

"अरे, संध्याकाळी अजून आठजण—"

पण तो तोवर भिंतीवरचा आमच्या लग्नाचा फोटो काढून घेऊन निम्मा जिना उतरलाही होता. खालून हाक आली, "कापून घेतो, टेन्शन घिऊ नगा!"

मी त्याच्या मागं धावायला हवं होतं. पण मोना रडत होती, आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई बनाबाई, देवापुढं साखर ठेवत होत्या, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"अनू." आवाज घोगरा, धापेतला. मागं कुणीतरी परक्या भाषेत पुकारत होतं. "बघितलंस?"

"बघितलं रे."

"मोडली गं. नुसती मोडली न्हाय, चुरा केला तिचा." तो हसत होता की रडत होता, मला कळेना. "संध्याकाळच्यांचं झालं की सहावा-सातवा येईन, आलो तर. आठवा आलो तरी काय न्हाय. खांद्यानं आज साथ दिली बघ. मोना कुठाय?"

"इथंच, मांडीवर."

"ते काय वाजालंय?"

दुसरी माळ लागली होती. मी म्हणाले, "पेठेतली पोरं. खूश झालीत तू चांगला पोहलास म्हणून." खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

मग दर शर्यतीनंतर विचारतो तेच त्यानं विचारलं. "आबा काय म्हणाले?"

"तालमीतच आहेत अजून. आले की सांगते."

"बरं," तो म्हणाला, आणि मला त्या 'बरं'मध्ये बारा वर्षांचा मुलगा ऐकू आला.

त्याचे आबा म्हणजे माझे सासरे, पिराजी वस्ताद; मी त्यांना मामा म्हणते. निम्म्या शिवाजी पेठेनं त्यांच्या हाताखाली तांबडी माती अंगाला लावली आहे. थोरला मुलगा त्यांना आखाड्यात हवा होता. तो बाराव्या वर्षी लंगोट खुंटीला टांगून पंचगंगेवर पळाला आणि परत मातीत उतरला नाही. तेव्हापासून मामांचं एकच म्हणणं. "पाण्यात काय, कोण बी तरंगतंय. म्हस बी तरंगती." राज्याची, राष्ट्रीय, कितीतरी पदकं कपाटात आली; मामांनी एकही हातात घेऊन बघितलेलं मला आठवत नाही. शर्यत तर त्यांनी कधीच बघितली नव्हती. आज सकाळीसुद्धा कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन ते तालमीत पोचले तेव्हा फुटबॉलसाठी घेतलेल्या मोठ्या पडद्यावर पोरगा शेवटच्या फेरीत होता. त्यांनी बघितलं ते एवढंच, की त्यानं सगळ्यांच्या आधी हात लावला.

ते घरी आले तेव्हा मी दार उघडलं आणि दोन शब्द तयार ठेवले होते. ते तोंडातच राहिले. मिशीपर्यंत गुलाल, आणि त्या गुलालातून डोळ्यांच्या खाली दोन ओल्या रेघा. त्यांनी मोनाला माझ्या हातातून घेतलं. एरवी ते तिला घ्यायला भितात, म्हणतात माझं हात दगडाचं हायत.

"ए पोरी," ते तिला म्हणाले, "तुझा बा जिंकला की गं. समद्या आशियात. आन मी म्हातारा काय म्हणत बसलो हुतो आं?"

मग आत्तींना, "फेटा काढ गं माझा. ठेवणीतला. चारला मिरवणूक हाय."

मी कसं सांगणार होते, सांगा. वीस वर्षांत पहिल्यांदा बापाला मुलाचं कौतुक वाटलं, आणि ते चुकीच्या कारणानं. ते काढून घेतलं तर खाली काय उरेल, मला दिसत नव्हतं. आणि नाही काढलं तर संध्याकाळी धैर्यशील सातवा येणार. सकाळी त्यानं जे मिळवलं, ते या घरात, या गल्लीत हरणं ठरणार. त्याच्या त्या चुऱ्याची कुणी चिमूटही उचलणार नाही.

मला हे कल्पनेनं वाटत नव्हतं. आमचं लग्न ठरलं त्या वर्षी असंच झालं होतं. राष्ट्रीय स्पर्धेत तो चौथा आला, पण इकडं मंडळानं आधीच स्टेशनवर हलगी नेऊन ठेवलेली. तो अलीकडच्या रुकडी स्टेशनवरच उतरला आणि शेतातून, आडवाटेनं चालत घरी आला. नंतर दोन महिने पाण्याला शिवला नाही. मी तलावावर जायची, तो काठावर बसून असायचा, पायसुद्धा कोरडे ठेवून.

म्हणून मी स्वतःशी ठरवलं, निदान त्याच्यापर्यंत हे पोचू द्यायचं नाही. किती खुळं ठरवणं. दहा वाजेपर्यंत माझ्या माहेरी उचगावातसुद्धा सगळ्यांच्या स्टेटसवर तो होता. लग्नातला फेटा, खाली 'सुवर्णपदक विजेता, नाद खुळा', आणि कापलेल्या कडेला माझी निम्मी बांगड्या भरलेली मनगटं तशीच राहिलेली. त्याच्याखाली व्हिडिओ. मामांना चौघांनी खांद्यावर घेतलंय, मामा दोन्ही हात वर करून ओरडताहेत, "माझं पोरगं! माझं पोरगं!"

मोनाला पेज भरवत होते तेव्हा त्याचा मेसेज आला.

"अनू हे काय आहे. आबांना गोल्ड कुणी सांगितलं."

मी भरल्या हातानं लगेच फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. मग लिहिलं, "मी सांगते त्यांना. तू फोन उचल." दोन खुणा निळ्या झाल्या. उत्तर नाही. फोन लावला, बंद.

मोनानं पेजेचा चमचा भिरकावला, मी तो उचलला, पुसला, परत तिच्या तोंडाशी नेला, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी तिला रिकामाच चमचा भरवते आहे. ती बिचारी तोंड उघडून वाट बघत होती. तिकडं एका परक्या शहरात, आयुष्यातल्या सगळ्यांत चांगल्या पोहण्यानंतर, तो फोन बंद करून बसला होता आणि बापाचा तो आनंद पुन्हा पुन्हा बघत असणार. संध्याकाळी आपणच तो मोडणार, हे जाणून.

"आत्ती," मी म्हणाले, "मी तालमीत जाऊन येते."

आत्तींचा हात परातीत थांबला. "तालमीत? तू?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. त्या कणीक तशीच ठेवून ऐकत राहिल्या. त्यांना गट, वेळ, काही कळलं नसावं. पण धैर्यशील फोन उचलत नाही हे कळलं. "जा," त्या म्हणाल्या. "पोरीला घिऊन जा. ती कडंवर असली की त्ये ओरडत न्हाईत."

तालीम गल्लीच्या तोंडाशी. तिच्या उंबऱ्याच्या आत बायका जात नाहीत. पाटी नाही, कुणी अडवतही नाही. पण लग्न होऊन आल्यापासून माझं पाऊल कधी आत पडलं नव्हतं आणि आत्तींचं तर जन्मात नाही. बाहेर सजवलेली जीप उभी होती. वर लोखंडी कमानीला फ्लेक्स चढत होता, आणि हलगीवाले शेकोटीवर कातडं शेकत बसले होते. मी उंबऱ्याशी उभी राहून हाक मारली, "मामा!" हलगी कडाडली. पुन्हा हाक मारली. कुणाला ऐकू जाईना. तेवढ्यात मोनानं, त्या आवाजाला घाबरून, असा टाहो फोडला की हलगीवालाच थांबला.

मामा फेटा सावरत बाहेर आले. "काय झालं? पोरीला काय झालं?"

"तिला काही नाही, मामा. मला तुमच्याशी बोलायचंय."

"मग बोल की. हितं परकं कोण हाय?"

मागं वीस-पंचवीस माणसं उभी. मला एकट्यात हवं होतं. पण थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता.

"मामा, ते गोल्ड नाही. त्यांचा गट सकाळचा होता. गटात ते पहिले आले."

मामांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "गट म्हंजे? बैलगाडीच्या शर्यतीला असतो तसा?"

"तसाच. पण थोडा वेगळा."

"मग गट पास झाला की सेमीला जातंय माणूस. धैर्याची सेमी कवा हाय?"

"सेमी नसते मामा. फायनल पण नसते. दुसरा गट तिकडं संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडं दुपारी साडेतीनला दिसेल. त्यात आठजण आहेत. मग सगळ्यांची वेळ बघून नंबर लावायचे."

"आन त्ये आठ? ह्येच्याहून भारी हायत?"

"बहुतेक सगळे."

कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "आयला."

सम्राट पुढं आला. "वहिनी, मग ह्ये सकाळी सांगायचं की!"

"सांगितलं की सकाळी! तू फोटो घेऊन पळालास."

एकदोघं हसले, पण मामांकडं बघून गप्प झाले. जीपवर चढलेला एकजण तिथूनच ओरडला, "म्हंजे धैर्या हरला व्हय वस्ताद?"

मामांनी त्याच्याकडं पाठ केली. माझ्याकडं बघितलं. सकाळच्या त्या दोन रेघा अजून गालावर होत्या, वाळलेल्या. "हरला का गं?" त्यांनी विचारलं. माझ्या सासऱ्यांनी मला आजवर कधी खरा प्रश्न विचारला नव्हता.

"मामा," मी म्हणाले, आणि माझा आवाज माझ्या मनात नव्हता तेवढा वर गेला, "तुम्ही बघितलंच कुठं? तुम्ही नुसता शेवटचा हात बघितला. त्यांनी आज स्वतःला पाडलंय. पाच वर्षं जे जमत नव्हतं ते केलंय. सकाळी फोनवर रडत होते आनंदानं. आणि आता तुमचा व्हिडिओ बघून फोन बंद करून बसलेत. तुम्हाला काय तोंड दाखवू म्हणून."

म्हणजे त्यानं तसं लिहिलं नव्हतं. पण मला ठाऊक होतं.

मामा बराच वेळ मोनाकडं बघत राहिले. तिनं त्यांच्या फेट्याचा शेमला धरला होता आणि तोंडात घालायच्या खटपटीत होती.

"हलगी ठिवा खाली," ते म्हणाले. "आन त्यो फ्लेक्स उतरव. जे न्हाय ते टांगायचं न्हाय."

"आवो, पण वस्ताद, आता लोकं—"

"उतरव म्हटलं की." मग माझ्याकडं वळून, "दाव मला. सकाळचं. पयल्यापास्नं."

सम्राटनं मोठा पडदा दाराकडं फिरवला. कुणीतरी उंबऱ्याजवळ सतरंजी टाकली. मी पायरीवर बसले, निम्मी आत निम्मी बाहेर, मोना मांडीवर. मामा माझ्या शेजारी उभेच राहिले, कुस्ती बघताना उभे राहतात तसे, हात पाठीशी. सकाळची शर्यत पुन्हा सुरू झाली.

पहिल्या काही फेऱ्या सगळ्यांनी चवीनं बघितल्या. मग चुळबूळ सुरू झाली. "आजून किती?" "लई हायत." "चक्कर कशी येत न्हाय ह्येला?" "आरं, भिंतीजवळ गेला की कोलांटी मारतोय बघ!" एकजण म्हणाला, "ह्येच्यापेक्षा कुस्ती बरी, पडलं की सुटलं." मी मधूनमधून सांगत होते. आता तो जरा राखून आहे. आता शेजारचा पुढं जाईल, जाऊ दे. आता बघा, आता वेग धरेल.

निम्म्यावर मामा उकिडवे बसले. पडद्याच्या अगदी जवळ.

"डावा हात निम्माच काढालाय त्यो," ते म्हणाले.

मी मोनाचं झबलं सारखं करत राहिले.

"खांदा धरलाय त्येचा." त्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. "कवापास्नं?"

"मोना व्हायच्या आधीपासून."

"आन मला?"

"त्यांनीच सांगू नको म्हटलं. म्हणाले, आबा म्हणतील पाण्यात कसला खांदा धरतोय."

मामा पडद्याकडं वळले. पुढचं सगळं त्यांनी एक शब्द न बोलता बघितलं. त्यांचा स्वतःचा डावा खांदा मात्र प्रत्येक हाताबरोबर किंचित उचलला जात होता. तालमीत कुणाची चढाओढ चालली की काठावर त्यांचं अंग असंच हलतं, असं धैर्यशीलनं मला सांगितलं होतं. शेवटची घंटा झाली, त्यानं भिंतीला हात लावला. या वेळी कुणी ओरडलं नाही. सम्राटनं नाक ओढलं. एक म्हातारे पैलवान एवढंच म्हणाले, "दमसास हाय गड्याचा."

साडेतीनला ते आठजण उतरले. आता पेठेला नियम कळला होता आणि त्याचं भलतंच झालं. जो तो त्या आठांना दम लागावा म्हणून देव पाण्यात घालून बसला. "चौथ्याच्या पायात गोळा येऊ दे रे!" "त्यो टकल्या दमला, दमला बघा!" मी त्यांना गप्प करावं असं मला वाटत होतं आणि मनातून मीही तेच म्हणत होते. मोना माझ्या मांडीवर झोपली होती. तिच्या डोक्यावरून हात फिरवत मी दर फेरीला फोन बघत होते. त्याचा फोन बंदच. तो तिथंच प्रेक्षकांत बसला असणार, एकटा, टॉवेल डोक्यावर ओढून.

सहाजण त्याच्या वेळेच्या आत संपवून गेले. शेवटचे दोघे मागं राहिले. यादी पडद्यावर आली. धैर्यशील, सातवा.

आमच्याशी कायमची ईर्षा असलेल्या मंगळवार पेठेतून तेवढ्यात कुणाचा तरी मेसेज येऊन ठेपलाच. सम्राटनं वाचला आणि त्याचा चेहरा पडला. मामा म्हणाले, "काय लिवलंय?"

"ऱ्हाऊ दे वस्ताद."

"वाच."

"शिवाजी पेठेचं गोल्ड एक ग्रॅमवालं निघालं म्हणं."

मला वाटलं, संपलं आता. मामा उठले. फेटा उतरवून त्यांनी तो नीट, एकेक घडी जपत, सतरंजीवर ठेवला. मग म्हणाले, "बराबर हाय की. आपुनच ओरडलो न्हवं? त्येनं सांगितलंतं का गोल्ड आणलंय म्हणून?" आणि मला, "फोन लाव त्येला."

"बंद आहे मामा."

"लावत ऱ्हा."

मी लावत राहिले. जीपची फुलं सुकली, हलगीवाले चहा पिऊन गेले, आत्ती येऊन पायरीच्या खाली उभ्या राहिल्या. धैर्यशील रुकडीला उतरलेल्या त्या दिवसाचं मी काहीही आठवायचं नाही असं ठरवून तेच आठवत होते. आता तिकडून तो कुठं उतरेल? विमानाला तर मधलं स्टेशन नसतं. पण माणूस घरी येऊनही आलेला नसतो, हे मला माहीत होतं.

उन्हं कलली तेव्हा त्याचाच फोन आला. व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज. "अनू," तो म्हणाला, "सातवा."

"माहीत आहे. आम्ही सगळ्यांनी बघितलं. थांब, मामा इथं आहेत."

"नको. अनू, आत्ता नको—"

पण फोन मामांच्या हातात गेला होता. त्यांनी तो कानाला न लावता तोंडासमोर धरला, हाकेच्या अंतरावरच्या माणसाशी बोलावं तसा.

"धैर्या."

"आबा, ते गोल्ड न्हवतं."

"ठाव हाय. आमाला समजंना, आमी उधळला गुलाल. आता उधळला तो उधळला. परत पोत्यात भरतोय व्हय त्यो?"

मामांनी फोन आणखी जवळ धरला. मी ओठ दाताखाली धरून उभी.

"खांद्याला काय लावतोस?"

"आं?"

"डाव्या. मी बघितला तुझा खांदा. सकाळची समदी शर्यत बघितली, पयल्यापास्नं. बर्फबिर्फ लावत असशील. ये तू, तेल लावून चोळून देतो. तालमीतल्या समद्यांचं खांदं मी बसवलं, आन घरातला तेवढा ऱ्हायला." मामांचा आवाज मधेच घसरला; त्यांनी खाकरून तो जागेवर आणला. "आन एक सांग मला. ती कोलांटी मारतोस भिंतीजवळ. उलटं व्हताना नाकात पाणी जात न्हाय?"

खूप वेळानं, खूप लांबून, धैर्यशील म्हणाला, "जातं की आबा. सुरवातीला जातंय. मग नाकातनं हळूहळू हवा सोडायला शिकायचं."

"किती सोडायची?"

"थोडीच. सगळी सोडली तर पुढं दम पुरत न्हाय. म्हंजे बघा, भिंत दोन हातावर आली की—"

तो सांगत राहिला. मामा ऐकत राहिले. मधेच "थांब थांब, परत सांग" म्हणाले, फोन सम्राटच्या हातात धरायला दिला आणि स्वतः दोन्ही हात मोकळे करून, हनुवटी छातीला टेकवून, तालमीच्या दारात उभ्या उभ्याच पाठ वाकवायला लागले. आत्ती म्हणाल्या, "पडशीला की ओ!" मामांनी ऐकलं नाही.

मोना जागी झाली. भुकेली होती. मी तिला पदराखाली घेतलं आणि पायरीवरच बसले. तिच्या घोटांच्या आवाजात मला धैर्यशीलचा आवाज तुटक तुटक ऐकू येत होता. तो आता घाईनं बोलत होता, शब्दावर शब्द चढत होता, शाळेतून धावत आलेलं पोर सांगतं तसा. विसाव्या फेरीला काय झालं, शेजारचा पुढं गेला तेव्हा मनात काय आलं, घंटा ऐकू आली तेव्हा खांदा कसा होता. मला त्यानं सकाळी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. मला थोडा हेवाही वाटला.

"मग?" मामा म्हणत होते. "मग फुडं?"